एकोणीस ऑगस्टचं फेरीपत्रक

१

"एक कागद कमी आहे," वासंती रहाळकर म्हणाल्या.

नम्रतानं स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, "कितीत?"

"चार लाख बारा हजारांत."

"मग चालतंय की हो, ताई."

"चार लाखांच्या गावातून एक माणूस नाहीसा झाला, तर त्याच्या घरचे 'चालतंय' म्हणत नाहीत, नम्रता."

आता मात्र नम्रतानं खुर्ची वळवली. खराडीतल्या त्या काचेच्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर ती, स्वतःला धरून, चौदा जणांच्या गटाची प्रमुख होती. काम मोठं विचित्र. कुठे खटला उभा राहिला, चौकशी लागली, की दोन्हीकडचे वकील ट्रकभर कागद ओतायचे. पत्रं, ईमेल, नोंदवह्या, जेवणाची बिलं, लग्नाच्या पत्रिका, सगळं स्कॅन होऊन यायचं आणि ही मुलं दिवसभर एकेक पान डोळ्यांखालून घालून त्याचे तीन गठ्ठे करायची: संबंधित, असंबंधित, खासगी. खासगी गठ्ठा पुढे कुणाकडेच जायचा नाही. माणसांच्या आजारपणाचे नि भांडणांचे कागद वकिलांनी चघळू नयेत, म्हणून तशी सोय.

वासंतीबाईंचं काम या चौदांच्या बाहेरचं, शेवटचं. आले किती, गेले किती, ताळा बसला का. कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेली बाई याहून वेगळं काय करणार! शनिवार पेठेतून दोन बस बदलून त्या रोज नऊला हजर व्हायच्या आणि कागदांबरोबर माणसांचीही मोजदाद ठेवायच्या. नम्रताची 'पाच मिनिटं' म्हणजे सतरा, तेजसचा 'शेवटचा चहा' म्हणजे तिसरा, हे त्यांना घड्याळ न बघता ठाऊक असायचं.

"कुठला कागद?" नम्रतानं विचारलं.

"फेरीपत्रक. अकराशे सत्तेचाळीस आल्याची यादी आहे. चौकशी समितीकडे जायच्या गठ्ठ्यात अकराशे सेहेचाळीस आहेत. आणि कमी कुठला दिवस, ते विचार."

नम्रतानं विचारलं नाही. तिचा चेहराच उतरला.

एकोणीस ऑगस्ट. नगर रस्त्यावरच्या त्या कारखान्यात बॉयलर फुटला तो दिवस.

२

पाच माणसं गेली होती. त्यांतला एक रंगनाथ इढोळे, सुरक्षा पर्यवेक्षक. रोज सकाळी कारखान्यात फेरी मारायची, बारा ठिकाणं तपासायची, प्रत्येकापुढे वेळ लिहायची, ठीक असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली. खाली सही. मग ते पत्रक स्कॅन होऊन पुण्याच्या मुख्य कचेरीत जायचं. मूळ कागद आगीत गेले. उरली ती ही स्कॅन.

पाळीचा व्यवस्थापक रणजित यानं समितीपुढे सांगितलं होतं, "रंगनाथनं बॉयलर ठीक आहे म्हणून खूण केली होती. पत्रक कचेरीत गेलंय, बघून घ्या." पत्रक निघालं नाही तर समिती लिहिणार, पर्यवेक्षकानं त्या दिवशी फेरीच मारली नाही. निघालं तर लिहिणार, मारली पण न बघता. कसंही झालं तरी पाच मरणांचं खापर त्यांतल्याच एका मेलेल्या माणसाच्या डोक्यावर फुटणार होतं. अहवालाआधीची शेवटची सुनावणी उद्या अकराला होती.

या सगळ्याला आडवी जाणारी एकच बाई होती. रंगनाथची बायको, यमुनाबाई. वाशीमकडची. येरवड्यात समितीच्या कचेरीबाहेर बाकावर ती दर सुनावणीला येऊन बसायची. वासंतीबाई कागद पोचवायला गेल्या, की त्यांनाही ती तेच सांगायची. "साडेसातले फोन आलता बाई त्यायचा. म्हने, आज बॉयलरवर फुली मारली. बंद करतीन आता, तं मी लवकर येतो. असं सोताच्या तोंडानं बोलले." समितीनं ते लिहून घेतलं आणि पुढे कंसात घातलं: पुरावा नाही.

"पोरगी हाय मोठी," तिनं एकदा सांगितलं होतं. "वारज्यात राह्यते. कंप्युटरवर बँकेचं काम करते. बिचारी रोज फोन करते, जेवली का म्हनून."

वासंतीबाई जागेवर आल्या. कागद नाहीसा झाला म्हणजे जळाला नाही, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. या यंत्रातून काही पुसता येत नाही. फक्त एका गठ्ठ्यातून दुसऱ्यात टाकता येतं. असंबंधित गठ्ठा वकील पुन्हा चाळतात; म्हणजे तो खासगीत असणार. खासगीत अकरा हजार कागद होते. एकोणीस ऑगस्ट ही तारीख शोधून उपयोग नव्हता. स्कॅनवरचं हातानं लिहिलेलं यंत्राला वाचता येत नाही.

पण यंत्र दुसरं एक वाचतं. कुठल्या कागदावर कोण किती वेळ थांबलं.

त्यांनी खासगी गठ्ठा वेळेनुसार लावला. चार सेकंद, सहा सेकंद, नऊ सेकंद. मुलं पाट्या टाकतात तशी कागद टाकत होती. आणि सगळ्यांत वर एक कागद: अकरा मिनिटं.

उघडला. बारा ओळी, बारा वेळा, बारा बरोबरच्या खुणा. सातव्या ओळीत बॉयलर: ठीक. खाली सही, रंगनाथ इढोळे. १९ ऑगस्ट.

वासंतीबाईंनी चष्मा काढून पुसला, जणू दोष काचेचा होता. कागद सापडला होता, आणि त्यानं त्या बाकावरच्या बाईला खोटं ठरवलं होतं.

खासगीत टाकणाऱ्याचं नाव शेजारीच होतं. तेजस. दोन जानेवारी, दुपारी एक एकोणीस ते एक तीस.

३

"मॅम, ऑनेस्टली सांगू? मी आणि एका डॉक्युमेंटवर अकरा मिनिटं?" तेजस म्हणाला. "माझा बर्थडे होता त्या दिवशी. मी आईच्या मेसेजला अकरा सेकंद दिले नाहीत."

"ते खरं असावं. तुझी सरासरी सहा सेकंदांची आहे. दोन वर्षांत तू मिनिटाच्या वर एकदाच थांबलास."

"कशावर?"

"कुठल्याशा कंपनीच्या कँटीनचं मेनूकार्ड होतं."

तेजस हसला, मग गप्प झाला. कारण वासंतीबाई हसत नव्हत्या.

"त्या कारखान्याशी तुझं काही? ओळख, नातं, कुणाचा फोन?"

"कसम से, काही नाही. ती फेरीपत्रकं माझ्या बॅचमध्ये आली होती, एवढंच. मी तर सगळ्यांना सांगून रडत होतो, यार, हजार सेम टू सेम फॉर्म आहेत, झोप येते." त्यानं मान खाजवली. "मॅम, एक सांगतो. पण नम्रता मॅमना सांगू नका."

"सांग. मग ठरवते."

"आम्ही खुर्ची धरतो एकमेकांची."

"म्हणजे?"

"पंधरा मिनिटं मशीन गप्प राहिलं, की वरच्यांना लाल दिसतं ना? मग जेवायला जाताना लॉगिन तसंच ठेवायचं. जो मागे असतो तो येऊन चार-पाच क्लिक मारून जातो. सगळेच करतात. त्या दिवशी मी केक कापायला कँटीनला गेलो होतो. कोण बसलं, देवाशप्पथ माहीत नाही."

म्हणजे लॉगिन तेजसचं, बोट दुसऱ्याचं. वासंतीबाईंनी मनातल्या मनात तेजसच्या खात्यातून ती अकरा मिनिटं वजा केली.

मग त्या नम्रताकडे गेल्या. तिच्याबद्दलही त्यांना शंका नव्हती असं नाही. कागद हरवल्याचं कळताच ती बाई जरा जास्तच पांढरी पडली होती.

"तू इतकी का घाबरलीस गं?"

"का म्हणजे? ताई, कंपनीच्या वकिलाचं सकाळीच पत्र आलंय. आम्ही पत्रक दिलं होतं, तुमच्या लोकांनी हरवलं, म्हणून. मला वाटलं उगाच दमदाटी आहे. आता तुम्हीच म्हणताय, कमी आहे!" तिनं कपाळाला हात लावला. "माझी नोकरी जाईल."

"बघू कुणाची जाते ते. तेजसच्या वाढदिवसाचे फोटो आहेत का?"

"आत्ता फोटो?"

"आत्ताच."

फोटो निघाला. दुपारी एक चोवीसचा. तेजसच्या नाकाला क्रीम, भोवती दात काढून उभी असलेली माणसं. वासंतीबाईंनी बोटानं मोजली. "अकरा. तू?"

"मी काढला ना फोटो."

"बारा. शुभंकर नाही."

"तो त्या आठवड्यात सुट्टीवर होता. मेहुण्याचं लग्न."

"तेरा," वासंतीबाई म्हणाल्या आणि थांबल्या.

चौदावी कोण, हे त्यांनी मोजायच्या आधीच ओळखलं होतं. मोजलं ते एवढ्याचसाठी, की आपण चुकलो तर बरं.

४

सृष्टी जाधव. जुलैत लागलेली, मेमध्ये लग्न झालेली, कमी बोलणारी. रोज डब्यातली अर्धी भाजी वासंतीबाईंच्या झाकणात वाढायची आणि म्हणायची, "काकू, तुम्ही तिखट खात नाही म्हणून आज बेतानं घातलंय." तरी डोळ्यांत पाणी यायचंच. वासंतीबाईंना मूलबाळ नव्हतं. तिखटाच्या पाण्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही.

ही मुलगी केकला गेली नव्हती. ठीक आहे, एकेकाला नाही आवडत. पण संक्रांतीला तिळगूळ दिला तेव्हा तिनं तो घेतला, वाकून नमस्कार केला आणि "नंतर खाते" म्हणून खणात ठेवला. दुसऱ्या दिवशीही तो तिथेच होता. शुभंकरनं लग्नाचे पेढे वाटले, तेव्हा 'डाएट' म्हणाली. आणि डब्यात रोज साबुदाण्यापासून बटाट्यापर्यंत सगळं! हिचं डाएट फक्त गोडावर कसं उठतं?

वाशीमकडच्या घरात काय, शनिवार पेठेतल्या घरात काय, वर्षभर गोड एकाच कारणानं बंद होतं: घरातलं माणूस गेलं, की.

ऑगस्टमध्ये ती दहा दिवस आली नव्हती. 'गावी अडचण' असा निरोप होता. परत आली तेव्हा कुणी काही विचारलं नाही. वासंतीबाईंनीही नाही. दहा दिवस त्यांनी नीट मोजले होते, पण विचारलं नव्हतं.

इथे नवं प्रकरण आलं, की प्रत्येकाकडून एक फॉर्म भरून घेतात: या प्रकरणातल्या कुणाशी आपलं नातं आहे का? सृष्टीनं लिहिलं होतं, नाही. नवऱ्याचं आडनाव लावलेल्या मुलीला कोण पकडणार?

वासंतीबाईंनी शोधाच्या चौकटीत कर्सर नेला. गेल्या तीन महिन्यांत या चार लाख कागदांमध्ये लोकांनी 'बॉयलर' शोधलं होतं, 'झडप' शोधलं होतं, 'दुरुस्ती', 'धोका', 'रणजित' शोधलं होतं. एका मुलीचं नाव शोधायची कुणाला गरज पडली नव्हती.

त्यांनी टाइप केलं: सृष्टी.

एकच कागद. टाइप केलेला रजेचा अर्ज, एप्रिलमधला. 'सविनय विनंती की, माझी कन्या चि. सौ. कां. सृष्टी हिचा विवाह दि. ११ मे रोजी योजिला आहे. तरी दहा दिवसांची रजा मंजूर व्हावी. आपण सर्वांनी सहकुटुंब यावे, ही आग्रहाची विनंती. आपला, रंगनाथ इढोळे.'

रजेच्या अर्जात आमंत्रण घालणारा माणूस. वासंतीबाईंनी तो अर्ज दोनदा वाचला. मग सृष्टीच्या टेबलाशी जाऊन म्हणाल्या, "जरा आत ये गं."

सृष्टीनं वर पाहिलं आणि काही न विचारता उठली. जणू तीन आठवडे ती याच हाकेची वाट बघत होती.

५

मीटिंगच्या छोट्या खोलीत दुपारचं ऊन काचेतून सरळ टेबलावर पडलं होतं. वासंतीबाईंनी पडद्यावर ते पत्रक उघडलं. सृष्टीनं एकदा बघून मान खाली घातली.

"मी वाचवायला गेले होते, काकू," ती म्हणाली. "हे प्रकरण आपल्याकडे आलं तेव्हा वाटलं, देवच पावला. आई सांगते ना, बाबांनी फुली मारली होती. म्हटलं, मीच शोधते. तेजस म्हणाला, फेरीपत्रकं त्याच्याकडे आहेत. सगळे केकला गेले तेव्हा बसले त्याच्या खुर्चीत. आणि हे निघालं."

"बॉयलर ठीक."

"ठीक!" तिचा आवाज चिरकला. "ठीक लिहिलं त्यांनी, काकू. बघितलंच नसणार. चार माणसं मेली त्यांच्या ठीकनं. आणि आईला फोनवर लवकर येतो म्हणाले असतील, त्याचं तिनं हे एवढं मोठं केलं, स्वतःच्या समाधानासाठी. रोज मला फोनवर तेच सांगते, फुली मारली होती गं. मी रोज हो म्हणते."

वासंतीबाईंचं लक्ष पडद्याकडे होतं. काहीतरी खटकत होतं. खुणा नव्हेत, खुणा अगदी जागच्या जागी होत्या.

"तुझे बाबा कामावर कसे जायचे गं?" त्यांनी मध्येच विचारलं.

"कंपनीच्या बसनं. का?"

"बस कुठे सोडायची?"

"मागच्या फाटकाशी. पुढच्या फाटकानं साहेबलोकांच्या गाड्या. बाबा म्हणायचे, मी उतरतो तिथूनच फेरी सुरू करतो, पुढच्या फाटकाशी संपवतो आणि तिथेच चहा पितो." ती क्षणभर हसली आणि त्या हसण्याचीच तिला लाज वाटली.

"पत्रकात पहिली ओळ कशाची आहे?"

"पुढचं फाटक. बारावी मागचं."

"मग वेळा वाच."

सृष्टीनं वाचल्या. "पुढचं फाटक, सहा दहा. मग सहा चौदा, सहा अठरा..." ती थांबली. "शेवटी मागचं फाटक, सहा पंचावन्न."

"मागच्या फाटकाशी उतरलेला माणूस तिथे सगळ्यांत शेवटी पोचला?"

सृष्टीनं खुर्ची पुढे ओढली.

मग त्या दोघींनी अकराशे सेहेचाळीस पत्रकं उघडायला घेतली. तीन तास लागले. नम्रता दोनदा दारातून डोकावली, चेहरे बघून परत गेली. वासंतीबाई वाचत होत्या, सृष्टी रेघा ओढत होती. खालून वर, खालून वर, खालून वर. रंगनाथची फेरी रोज बाराव्या ओळीपासून सुरू होऊन पहिलीशी संपत होती. मध्येच एखादी फुली: आगीचं नळकांडं जुनं, दिवा बंद, कठडा सैल. हा माणूस डोळे मिटून खुणा करणारा नव्हता.

वरून खाली जाणारी पत्रकं निघाली एकतीस.

वासंतीबाईंनी हजेरीपट उघडला. रंगनाथच्या रजा: एकतीस. तारखा जुळवल्या. एकूण एक जुळली.

"म्हणजे रजेच्या दिवशी दुसराच कुणी भरायचा," वासंतीबाई म्हणाल्या. "खुर्चीतून न उठता, वरून खाली. पण मग सही तुझ्या बाबांची कशी?"

सृष्टीनं हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"बाबा सह्या करून ठेवायचे," ती हळूच म्हणाली. "रजेवर जायच्या आधी, कोऱ्या पत्रकांवर. तपासणीवाले आले की एकही दिवस रिकामा दिसायला नको, म्हणून रणजितसाहेबांनी पद्धतच पाडली होती. बाबांना त्यात काही वाटायचं नाही. साहेबांची अडचण होऊ नये, एवढंच." ती पत्रकाकडे बघत राहिली. "माझ्या लग्नाच्या वेळी दहा केल्या. घरी, रांगोळीचे डबे बाजूला सारून. पेन संपलं म्हणून दुसरं मीच आणून दिलं, काकू."

"आणि रजा?"

"सहाच दिवस घेतली. नवीन पाळी लागली होती, म्हणून मांडव उतरायच्या आत परत गेले."

दहा सह्या, सहा दिवस. चार कोरे, सही केलेले कागद रणजितच्या खणात उरले होते. हा त्यांतलाच एक का, हे कागद सांगत नव्हता. पण एकोणीस ऑगस्टला रंगनाथ रजेवर नव्हता. हजेरीवर त्याचा अंगठा सहा चारचा होता. माणूस हजर असताना त्याचं पत्रक दुसऱ्यानं का भरावं? एकच कारण: त्यानं भरलेलं दाखवण्यासारखं नव्हतं.

वासंतीबाईंनी शेवटची गोष्ट बघितली, पत्रक कचेरीत पोचल्याची वेळ. रोजची पत्रकं सव्वासातला जायची. हे गेलं नऊ पाचला. बॉयलर फुटला नऊ चाळीसला.

"पस्तीस मिनिटं," त्या पुटपुटल्या. रंगनाथनं फुली मारली. साडेसातला बायकोला फोन केला. रणजितला बॉयलर बंद करायचा नव्हता, म्हणून त्यानं ती फुली बाजूला ठेवली, खणातून कोरी सही काढली आणि बारा खुणा केल्या. त्यानंतरही पस्तीस मिनिटं तो बॉयलर बंद करता आला असता.

सृष्टी रडत नव्हती. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून ती बसली होती.

"मी सातवी ओळ तेवढी बघत बसले," ती म्हणाली. "ती खूण बाबांची आहे का, हे बघितलंच नाही. सरळ धरून चालले, की आहे."

काही वेळानं तिनं विचारलं, "काकू, हे परत गठ्ठ्यात टाका ना. मी खासगीत टाकलं होतं, हे कशाला सांगायचं? आईला..."

वासंतीबाईंनाही ते करायचं होतं. चौतीस वर्षांत एक कागद इकडचा तिकडे केला नव्हता, पण या मुलीसाठी केला असता.

"नाही गं टाकता येत," त्या म्हणाल्या. "टाकला की त्याचीही नोंद होते. उद्या कंपनीचा वकील विचारणार, तीन आठवडे हा कागद कुठे होता? कुणाच्या हातात होता? मग त्याला कळणार, मुलीच्या. मग म्हणणार, वेळा मुलीनंच बदलल्या. तुझ्या बाबांना सोडवणारा एकच कागद आहे, आणि तो तू लपवलेला आहेस. तू स्वतः उभी राहून सांगितलंस, तरच तो टिकेल. नोकरी जाईल. कदाचित आणखीही काही होईल. खोटा फॉर्म भरलास, पुरावा दडवलास."

"त्याचं काही नाही हो," सृष्टी म्हणाली. "आईला सांगावं लागेल."

६

दुसऱ्या दिवशी साडेदहाला येरवड्यात, समितीच्या कचेरीबाहेरच्या बाकावर यमुनाबाई नेहमीसारखी बसली होती. लेकीला वासंतीबाईंबरोबर येताना बघून ती गडबडून उठली. "अव, तू कशी आली? बँकेले सुट्टी हाय काय?"

सृष्टी तिच्या पायाशी पायरीवर बसली. सांगायला तिला दहा मिनिटं लागली. वासंतीबाई खांबाशी उभ्या होत्या. न ऐकण्याइतकं अंतर त्यांना ठेवता आलं असतं. त्यांनी ठेवलं नाही.

खोट्या पत्रकाचं ऐकलं तेव्हा यमुनाबाईंनी पदर तोंडात धरला. "म्या म्हनत होती," ती वासंतीबाईंकडे बघून म्हणाली. "म्या म्हनतच होती ना बाई? फुली मारली होती त्यायनं! आता मानतीन ना हे लोकं?" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा उजळला होता. पाच महिन्यांत तो तसा कुणी बघितला नव्हता.

मग तो हळूहळू विझला. मधले तीन आठवडे तिच्या आत्ता लक्षात येत होते.

"म्हंजे कागद पाह्यला तवा..." ती थांबत थांबत म्हणाली, "तुले खरंच वाटलं? तुह्या बापानं असं केलं म्हनून?"

सृष्टीनं मानेनंच हो म्हटलं.

"अन् रोज फोन करत होती. जेवली का, म्हने. म्या सांगे, फुली मारली होती, तं हो म्हने. मनात हे ठेवून हो म्हने?"

"आई, मला तुला..."

"राहू दे."

ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. पण राग नव्हता त्यात. तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि लेकीच्या डोक्यावर ठेवायला निघालेला हात पिशवीवरच राहिला.

दार उघडलं. शिपायानं पुकारा केला, "मयत रंगनाथ इढोळे यांच्यातर्फे कोण?"

यमुनाबाई उठली नाही.

"आई, बोलावतायत."

"तू जाय. म्या पाच महिने सांगून राह्यली, लिवून घेतात अन् कंसात टाकतात. तुह्यापाशी कागद हाय. तुहं ऐकतीन."

शिपायानं पुन्हा आवाज दिला. "इढोळेंतर्फे कोण आहे का?"

सृष्टी उठली. "मी," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, आतल्या वकिलांना ऐकू जाईल अशी, "मी त्यांची मुलगी."

आतल्या टेबलापाशी कुणाची तरी खुर्ची करकरली. ती आत गेली आणि दार लागलं.

वासंतीबाई बाकावर यमुनाबाईंशेजारी बसल्या. आतून आवाज येत होते; एक मोठा, वकिलाचा, आणि मध्ये मध्ये एक बारीक, न थांबणारा. बराच वेळ तो बारीक आवाज चालू राहिला.

"नोकरी जाईन ना तिची?" यमुनाबाईंनी विचारलं.

"जाईल."

"जावई चांगला हाय. तो काई बोलनार नाई." ती दाराकडे बघत राहिली. "म्या बी काई बोलनार नाई तिले. पन एक डाव मले विचाराचं होतं, बाई. त्यायच्यासंगं सव्वीस वर्षं राह्यली म्या. मले विचारलं असतं, तं म्या सांगतलं असतं."